राखण्याची पाठ

राखण्या मुक्ताच्या विमानाकडे कधी बघायचाच नाही. विमान वर गेलं, की हा यंत्रमानव त्याच्याकडे पाठ करून उभा! मुक्ताला भारी राग यायचा. तीन महिने खपून तिनं हलक्या लाकडाचं, दोन मीटर पंखांचं ते विमान केलं होतं. त्याचं नाव ‘झुळूक’.

आज माळावर विमानं उडवणाऱ्या मुलांची कसोटी होती. झुळूक सलग दहा मिनिटं हवेत राहिली, तर मुक्ताला राज्याच्या संघात जागा. राखण्याला घडवणारी विमानशास्त्रज्ञ शकूमावशी वेळ मोजत होती.

आठ मिनिटं झाली. झुळूक इतकी सुरेख तरंगत होती की मावशीही मान वर करून बघतच राहिली. तेवढ्यात राखण्या म्हणाला, “खाली उतरव. पूर्वेकडून विमान येतंय.”

मुक्तानं पटकन पूर्वेकडे नजर टाकली. आभाळ मोकळं, साधी घारसुद्धा नाही.

“कुठंय? दोनच मिनिटं राहिलीत रे!”

“रुग्णविमान आहे. आत आजारी माणूस आहे आणि ते फार कमी उंचीवरून येतंय.”

मुक्तानं झुळूक उतरवली. प्रत्येकाला एकच उड्डाण होतं; कसोटी हुकली. पुढची आता सहा महिन्यांनी! तिला रडूच आलं. तेवढ्यात घरघर ऐकू आली आणि पांढरं विमान माळावरून जवळच्या धावपट्टीकडे गेलं. झुळूक उडत होती अगदी तिथूनच.

“त्यांनी थोडं वळायचं ना,” मुक्ता डोळे पुसत म्हणाली.

“बोटावर मोहरीचा दाणा ठेव आणि हात लांब कर,” मावशी म्हणाली. “एक किलोमीटरवरून वैमानिकाला झुळूक एवढीच दिसते. ताशी दोनशेच्या वेगानं तो ते अंतर अठरा सेकंदांत कापतो. दाणा दिसणार कधी आणि वळणार कधी? आत माणसंही असतात. म्हणून नेहमी आपणच बाजूला व्हायचं.”

“मग राखण्याला आधीच कसं कळलं?”

“त्या विमानात ट्रान्सपॉन्डर (आपली जागा आणि उंची रेडिओलहरींनी कळवणारं यंत्र) आहे. राखण्या ते ऐकतो. पण पॅराग्लायडरवाल्याकडे तो असेलच असं नाही, म्हणून डोळेही हवेत. एकानं विमान उडवायचं, दुसऱ्यानं आभाळ राखायचं. आता मीच बघ, झुळुकीवरून नजर हलेना माझी! उद्या औषधं, टपाल, सगळंच उडत जाईल. तेव्हा असे राखणदार गावोगाव लागतील.”

“निरोप आलाय,” राखण्या म्हणाला. “रुग्ण सुखरूप पोचला. वाट मोकळी करणाऱ्याचे आभार.”

मुक्तानं झुळूक उचलून घेतली. मग नाक पुसून हसली.

पुढची पाळी हर्षदची होती. त्याचं लालभडक विमान झेपावलं आणि सगळे आनंदानं ओरडले. मुक्ता मात्र राखण्याशेजारी जाऊन त्या विमानाकडे पाठ करून उभी राहिली. मान सारखी वळू पाहत होती.

“राखण्या, तुला कधी बघावंसं वाटत नाही?” तिनं हळूच विचारलं.

“वाटतं ना,” तो म्हणाला. “म्हणून तर पाठ करतो.”