लोलाकडे दे

दुपारी शाळा सुटली की सान रोके गावच्या आपत्कालीन कक्षातले फोन एकदम खणखणायला लागायचे. त्या वेळेला गावात काही आगी लागायच्या नाहीत की माणसं बुडायची नाहीत. पोरं घरी पोचायची, दप्तर कोपऱ्यात फेकायची आणि आईबापांनी खेळायला दिलेला जुना मोबाइल हातात घ्यायची, इतकंच. असल्या मोबाइलमध्ये सिमकार्ड नसतं. पण सिमकार्ड नसलं तरी नाइन-वन-वन लागतो, हा शोध गावातल्या प्रत्येक कार्ट्याला आपोआप लागलेला होता. आणि नंबर काही उमटत नाही, त्यामुळे उलट फोन करून कान उपटायचीही सोय नाही.

"हॅलो, माझ्या ताईला मगरीनं गिळलं." मागे खी खी खी.

"हॅलो, एक पिझ्झा पाठवा. अननस नको."

"हॅलो, ओळखा कोण?"

रोसेंदा, म्हणजे सेंदा, हे सगळं कित्येक वर्षं ऐकत आली होती. मोठी माणसंही काही मागे नव्हती. भरदुपारी ताडी चढवून नर्स मागणारे होते, शिव्या देणारे होते, नुसताच श्वास ऐकवणारे होते. सेंदाचा स्वभाव मुळात मऊ. नोकरीला लागली तेव्हा पलीकडचं माणूस रडलं की हिचेही डोळे भरायचे. आता कुणी खरंच धाय मोकलून रडत असलं, तरी तिच्या मनात पहिला विचार यायचा की हे सोंग आहे. घरीही तीच तऱ्हा. पोरीनं, इसायनं, पोट दुखतंय म्हटलं तरी हिचा पहिला प्रश्न, "खरं सांग, दुखतंय की शाळा नकोय?" एकदा इसाय गाल फुगवून म्हणाली, "मम्मा, माझ्याशी ऑफिसातल्यासारखं बोलू नकोस ना." ते सेंदाच्या जिव्हारी लागलं होतं. नवरा जहाजावर. शाळा सुटल्यापासून सेंदाची पाळी संपेपर्यंत पोर घरात एकटी. समोरच्या दुकानातली नांग बेबिंग (नांग म्हणजे ताई) अधूनमधून डोकावायची, तेवढाच काय तो आधार.

टवाळ फोन नुसता कापून भागत नाही. कापला की पोरं लगेच पुन्हा लावतात आणि तेवढ्यात एखादा खरा माणूस ताटकळतो. यावर बोयेतनं तोड काढली होती. बोयेत सेंदाच्या शेजारच्या टेबलावर बसायचा, चोवीस तास तोंडात काहीतरी चघळत आणि कक्षातल्या प्रत्येकाला टोपणनाव ठेवत. वरच्या मजल्यावर पूर्वी एक टेबल होतं, त्याचा आठ नंबर. टेबल गेलं, फोनही गेला, पण खालच्या यंत्रांवरचं त्याचं बटण तसंच राहिलं होतं. टवाळ फोन आला की आठ दाबायचं. पलीकडे नुसती रिंग वाजत राहते, उचलायला कुणी नसतं. पोर कंटाळतं आणि आपणहून ठेवून देतं. बोयेतनं या आठ नंबरचं नाव ठेवलं होतं लोला. लोला म्हणजे आजी.

"दे त्याला लोलाकडे," तो म्हणायचा. "लोलाला वेळच वेळ आहे. आपल्याला कुठे आहे?"

सगळे हसायचे. कक्षाचे चीफ कानाडोळा करायचे. सेंदाही दिवसातून कितीदा तरी आठ दाबायची, पण तिला मनातून एक धास्ती होती. एखाद्या दिवशी आपल्या हातून खरं माणूस लोलाकडे जाईल आणि आपल्याला कळणारही नाही. बोयेतला तिनं हे बोलूनही दाखवलं होतं.

"नांग सेंदा, तुझा कान म्हणजे तराजू आहे," तो म्हणाला. "तुझी चूक व्हायची नाही."

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. एका दुपारी सेंदानं नेहमीप्रमाणे एका पोराला आठवर टाकलं. रिंग वाजत असली की बटणाखालचा दिवा नारिंगी लुकलुकतो. तो तसा लुकलुकला आणि मग हिरवा झाला. हिरवा म्हणजे कुणीतरी फोन उचलला.

"बोयेत, लोलानं फोन घेतला."

"बरं झालं. जरा बोलेल बिचारी."

सेंदा जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन आली. खोलीत जत्रेचे कागदी झेंडे, एक मोडका पंखा आणि कोंदट वास. भिंतीतून आठ नंबरची वायर बाहेर लोंबत होती, टोकाला काळी पट्टी गुंडाळलेली. दुरुस्तीवाला आला, त्यानं यंत्र उघडून पाहिलं आणि खाऱ्या हवेनं आत गंज चढलाय, म्हणून दिवा उगीच पेटतो, असं सांगून निघून गेला. सेंदाला ते पटलं. म्हणजे तिनं पटवून घेतलं.

पण त्यानंतर आठचा दिवा दर वेळी हिरवाच व्हायला लागला. पूर्वी पोरं लगेच कंटाळायची, आता बराच वेळ लाइनवर राहायची. आणि एक गंमत अशी की लोलाकडे गेलेलं पोर पुन्हा कधी फोन करायचं नाही. टवाळ फोन दिवसेंदिवस कमी होत गेले. चीफ खूश झाले, त्यांनी सगळ्यांना जांभळ्या कोनफळाचा केक आणला. सेंदाला मात्र तो घास गिळवेना.

नव्या माणसाला शिकवताना त्याचं बोलणं ऐकायला म्हणून एक बटण असतं. त्यातून फक्त ऐकू येतं, बोलता येत नाही. पोरांच्या एका टोळक्याला तिनं आठवर टाकलं आणि ते बटण दाबलं.

एक म्हातारी बोलत होती. जेवण उरकून, हातातल्या पंख्यानं वारा घेत बसलेल्या बाईसारखा निवांत आवाज.

"काय पाठवू, बाळांनो?"

तिकडे खुसखुस झाली. एक जण म्हणाला, "साप!"

"कुठे?"

"आमच्या शाळेत! मुलींच्या संडासात!"

"किती पाठवू?"

"खूप!"

"बरं," म्हातारी म्हणाली. "पाठवले."

फोन बंद झाला. सेंदाच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि तो त्या शब्दांमुळे नव्हता. कुठल्याही फोनच्या मागे काहीतरी असतंच. कोंबडा असतो, रिक्षा असते, टीव्ही असतो, काही नाही तर पंखा असतो. सेंदाचे कान त्यावरच पोसलेले, माणूस कुठून बोलतोय हे ती त्यावरून सांगायची. त्या आवाजाच्या मागे काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतून फोन आला. बाई नीट बोलूच शकत नव्हत्या. अग्निशमनवाल्यांनी पोत्यात भरभरून साप बाहेर काढले. एका मुलीला दवाखान्यात न्यावं लागलं.

"नदीला पाणी आलंय," बोयेत म्हणाला. "साप वर येणारच की."

"इतके? एकाच ठिकाणी?"

"मग काय, लोलानं पाठवले?" तो हसला, पण त्याचं चघळणं थांबलं होतं.

यानंतर नोंग सेल्मोचं, म्हणजे सेल्मोदादाचं, प्रकरण झालं. हा सेल्मो म्हणजे बाजारातला एक बेवडा. मेव्हण्यावर सूड म्हणून तो अधूनमधून फोन करून मेव्हण्याच्या घरी शववाहिका पाठवा म्हणायचा. बोयेतनं त्याला लोलाकडे दिलं. दुसऱ्या दिवशी बोयेत कामावर आला तो पांढराफटक पडूनच. मेव्हण्याच्या दारात सकाळपासून एक पांढरी गाडी उभी होती. गावातले दोन्ही अंत्यविधीवाले म्हणत होते, गाडी आमची नाही. घरच्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, अहो, इथे कुणी मेलेलं नाही, तुम्ही जा.

"मग?" सेंदानं विचारलं.

"तो म्हणाला, थांबतो मी."

गाडी तिथे थांबली. लोक येऊन बघून गेले, पोलीस येऊन कागद तपासून गेले. दोन दिवसांनी गाडी गेली. जाताना रिकामी गेली नाही.

त्या दिवशी सेंदानं बोयेतचा हात धरून सांगितलं, "आठ दाबायचं नाही. तुला तुझ्या आईची शपथ." बोयेतनं मान डोलावली. ती चीफकडेही गेली. चीफनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला, त्याचं ऐकलं आणि चष्मा काढून पुसत बसले. आठ नंबर यंत्रातून फार पूर्वीच काढून टाकलेला आहे, असं तो म्हणत होता. काढायला आता काही शिल्लकच नाही.

काही दिवस कुणी आठला बोट लावलं नाही. टवाळ फोन पुन्हा वाढले. सेंदा प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, मगरीचं, पिझ्झाचं, सगळ्याचं. घरी पोचली की तिच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. इसाय काहीतरी सांगत राहायची आणि ही नुसती हं हं करायची. पोर शेवटी सांगायचं थांबवून आपल्या जुन्या मोबाइलवर कार्टून बघत बसायची.

मग पुलावर जीपनी, म्हणजे प्रवाशांची लांबडी जीप, उलटली. आत शाळेची मुलं, बाजारकरी बायका, छतावर पोती. कक्षातले सगळे फोन एकदम वाजायला लागले. कुणी किंचाळत होतं, कुणी पुलाचं नाव चुकीचं सांगत होतं, एक बाई फक्त देवाला हाका मारत होती. सेंदा एका हातानं लिहीत होती, दुसऱ्या हातानं लाइनी बदलत होती. घामानं तिच्या कानांवरचा हेडफोन निसटत होता.

"हॅलो, नाइन-वन-वन."

पलीकडे खुदखुद हसू. मग मुद्दाम जाडा केलेला आवाज.

"ओळखा कोण?"

सेंदाच्या बोटानं आठ दाबलं.

तिनं ठरवून दाबलं नव्हतं. हातालाच सवय होती. दिवा नारिंगी झालाच नाही, एकदम हिरवा झाला.

तिनं पुढचा फोन घेतला. पुलाजवळच्या दवाखान्याचा होता. त्यांना उत्तर देता देता ते हसू तिच्या डोक्यात पुन्हा वाजलं. हसण्याच्या शेवटी एक बारीकशी उचकी होती. ती उचकी ती रोज ऐकत होती. रोज, आपल्याच घरात.

सेंदानं ऐकायचं बटण दाबलं.

"काय पाठवू, बाळ?"

"माझ्या मम्माला पाठवा ना," इसाय म्हणत होती. आता तिचा आवाज तिचाच होता. "ती तिथेच असते. घरी यायलाच मागत नाही."

"कशी मम्मा हवी?"

इसायनं जरा विचार केला.

"माझं ऐकणारी."

"इसाय!" सेंदा ओरडली. कक्षातली सगळी डोकी वळली. त्या बटणातून फक्त ऐकू येतं.

"बरं," म्हातारी म्हणाली. "पाठवली."

सेंदानं हेडफोन फेकला आणि स्वतःच्या मोबाइलवरून नांग बेबिंगला फोन लावला. दोनदा चुकीचं नाव लागलं.

"नांग बेबिंग, इसाय कुठाय? पळत जा, तिला तुमच्याकडे घेऊन या."

"कोण बोलतंय?"

"अहो, मी सेंदा!"

"कसली सेंदा?" नांग बेबिंगचा आवाज करडा झाला. "सेंदा आत्ता माझ्यासमोरून घरात गेली. अंडी घेतली, चांगली हसली-बोलली माझ्याशी. कितीतरी दिवसांनी हसताना बघितली तिला. तिचा मोबाइल सापडला का तुम्हाला? थांबा, तिच्याकडेच देते."

"नको! नांग, ऐका—"

चपलांचा फटफट आवाज झाला. रस्त्यावर कोंबडा आरवला. फाटक करकरलं. मग गरम तेलात काहीतरी सोडल्याचा चर्र आवाज. सेंदाला आपलं स्वयंपाकघर कानांनी दिसत होतं.

"इसाय, धर गं. मम्माचा फोन कुणाला तरी सापडलाय."

"हॅलो?"

"इसाय, बाळा, माझं ऐक. नांग बेबिंगचा हात धर आणि बाहेर जा. मागे बघू नकोस. मी मम्मा बोलतेय."

तेल चुरचुरत होतं.

"मम्मा तर इथे आहे," इसाय म्हणाली.

आतून एका बाईनं विचारलं, "कोण आहे गं, राजा?"

"कुणीतरी बाई आहे. म्हणते, मीच मम्मा."

तेलाखालचा गॅस कुणीतरी बारीक केला. पावलं जवळ आली.

"ठेव, बाळ," सेंदाचा आवाज म्हणाला. "लोक उगाच असे फोन करतात."

"इसाय, ठेवू नकोस—"

इसाय खुदकन हसली आणि तिनं फोन ठेवला.