परसोडीची लाल हापशी

"हात नका लावू जी, ओली हाय!"

हे कानावर पडेपर्यंत माझा हात हापशीच्या दांड्यावर गेला होता. तळवा लालभडक! पुसावा तर कुर्ता पांढरा. मी वळले. समोर एक उंच मुलगा, हातात ब्रश, कपाळावर घाम, आणि तोंडावर इतकं ओशाळं हसू की चिडावं की हसावं तेच कळेना. मी चिडले.

"मग आधी सांगायचं ना!"

"आधीच सांगून राह्यलो होतो. तुमीच घाईत आल्या."

हा आवाज... गेले तीन महिने दर आठवड्याला मी याच आवाजावर फोनमधून ओरडत होते!

"तुम्ही... पियुष?"

त्यानं ब्रश डब्यात ठेवला. "अन् तुमी स्वरदा मॅडम. फोनवर तुमी उंच वाटता."

सांगते. वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगाव मेघेला आमच्या संस्थेची पाणी तपासायची छोटी प्रयोगशाळा आहे. समुद्रपूरच्या शाखेत पियुष चाळीस गावांमधून पाण्याच्या बाटल्या गोळा करायचा आणि कोणत्या बाटलीत कुठल्या गावचं पाणी आहे, याची यादी एका एक्सेल फाईलमध्ये भरायचा. माझ्या फाईलमध्ये तपासणीचे आकडे. गावांची नावं मात्र माझी फाईल त्याच्या फाईलमधून आपोआप उचलायची. दोन फाईलींमध्ये तशी लिंक जोडलेली होती. पाणी चांगलं निघालं तर हापशी हिरवी, खराब निघालं तर लाल.

आणि हा माणूस दर सोमवारी फाईलचं नाव बदलायचा! आधी 'यादी', मग 'यादी नवीन', मग 'यादी खरी', मग 'यादी एकदम खरी'. नाव बदललं की लिंक तुटायची. सकाळी कॉम्प्युटर उघडला की तोच निरोप, फाईल सापडत नाही. फोन लावला की तेच उत्तर, "बाप्पा, पुन्हा तुटली काय?" जणू मीच दर आठवड्याला मजेत तोडत होते.

यावेळी चाळीस गावांत एकाच बाटलीत नायट्रेट जास्त निघालं होतं, तान्ह्या बाळांना घातक असतं ते. नियमाप्रमाणे पुन्हा नमुना घ्यायचा, आमचा माणूस रजेवर, म्हणून मी स्वतः हिंगणघाटला गाडी बदलून परसोडीत आले होते.

"माह्या सासूच्या वक्तापासून हेच पानी पिऊन राह्यलो," हापशीशेजारच्या शकुबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "आता लाल काऊन?"

"काकू, थोडे दिवस कळ काढा," पियुष म्हणाला. "मॅडम पुन्हा तपासतीन."

मी बाटली भरली. निघताना त्यानं रॉकेलचा बोळा पुढे केला. हात पुसताना मी मान वर केली, तर तो बघत होता. माझ्याकडे नाही, माझ्या तळव्याकडे, रंग निघतोय की नाही ते. मेला!

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. परसोडीचं पाणी स्वच्छ होतं. अगदी स्वच्छ.

मी त्याची फाईल उघडली. यादीतला क्रम पार बदललेला. सतरा नंबरची बाटली, तीच ती खराब पाण्याची, मुळात पारडीची होती. आता सतराव्या ओळीत परसोडी बसली होती. म्हणजे पारडीची हापशी खराब, आणि तिला आम्ही आठ दिवसांपूर्वी हिरवा रंग दिला होता!

मी फोनवर किंचाळलेच. "यादी कोणी हलवली?"

"हलवली नाई जी, लावली. अ-आ-इ-ई नं. तुमीच तं म्हणत होत्या, गाव सापडत नाई. तुमाले सोपं जावं म्हणून..."

"सोपं? पियुष, पारडीचे लोक खराब पाणी पितायत!"

पलीकडे गाडीला किक मारल्याचा आवाज. "मी पारडीले निघून राह्यलो. तुमी मंग रागवा."

वासुदेवराव, आमचे प्रमुख, माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "अहवाल लिहा. समुद्रपूर शाखेनं यादीचा क्रम बदलल्यामुळे चूक झाली, असं."

मी लिहिलं. वाक्य खरं होतं. पुढच्या महिन्यात पियुषचा करार संपत होता, हेही मला माहीत होतं. आणि मग माझीच फाईल माझ्याकडे बघायला लागली. मी लिंक जोडताना काय सांगून ठेवलं होतं? सतराव्या ओळीत जे गाव असेल ते उचल. ओळ काय, कुणीही हलवणार! त्याच्या यादीत प्रत्येक गावापुढे बाटलीचा नंबर स्वच्छ लिहिलेला होता. नंबर शोधून गाव उचल, एवढं सांगायला मला दहा मिनिटं जास्त लागली असती. ती मी वाचवली होती.

मी वाक्य खोडलं. 'लिंक चुकीच्या पद्धतीने जोडली गेली होती,' असं लिहून खाली स्वतःचं नाव टाकलं आणि स्टँडवर पळाले.

पारडीला पोचायला चार वाजले. हापशीचा दांडा त्यानं दोरीनं करकचून बांधला होता. भोवती बायांचा गराडा. अन्नपूर्णा नावाची एक बाई कडेवरचं लेकरू सावरत त्याला विचारत होती, "पाच महिन्याचं हाय हे. पावडरच्या दुधात हेच पानी घालून राह्यली मी. तुमीच हिरवा मारून गेलते ना?"

"हो. मीच. चूक माही हाय, ताई."

"त्यांची नाही," मी धापा टाकत म्हटलं. "माझी आहे."

"तुमी मधात काऊन पडता?" तो माझ्यावरच खेकसला. "यादी मी हलवली."

"हलवली तरी बिघडायला नको होतं! लिंक मीच चुकीची जोडली."

"पन मी..."

"तुमी दोघं मंग भांडा!" अन्नपूर्णा कडाडली. "आधी लेकराले दाखवा!"

समुद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाचे ओठ, नखं निळी पडली नाहीत ना ते पाहिलं, रक्त तपासलं. बाळ ठणठणीत होतं. त्यानं डॉक्टरांचा चष्मा ओढला. बाहेरच्या बाकावर बसून मी मात्र रडले. पियुष जवळ आला, घुटमळला... "पाणी देऊ? बाटलीचं हाय."

मी रडता रडता हसले, आणि स्वतःचाच राग आला.

पारडीला टँकर सुरू झाला, दोन्ही हापशांचे रंग बदलले, मला लेखी ताकीद मिळाली, त्याला सहा महिन्यांची मुदतवाढ. शनिवारी मी समुद्रपूरला जाऊन त्याच्या शेजारी बसले. चाळीसच्या चाळीस लिंका बाटलीच्या नंबरानं नव्यानं जोडल्या. त्याचा खांदा वीतभर अंतरावर... आणि तो परीक्षेला बसल्यासारख्या गंभीर चेहऱ्यानं पडद्याकडे बघतोय!

"एक विचारू?" शेवटी मीच म्हटलं. "दर सोमवारी नाव बदलायचात, ते... मी फोन करावा म्हणून तर नाही ना?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "नाई जी. मले खरंच समजत नव्हतं."

कीबोर्ड त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

त्यानंतर लिंक तुटली नाही. एकदाही नाही! सोमवार आला, गेला. दुसरा सोमवारही गेला. फाईल उघडावी तर सगळं जागच्या जागी, शहाण्यासारखं. फोन करायला कारणच उरलं नाही. बाराव्या दिवशी, भर अकरा वाजता, मी वैतागून फोन लावलाच.

"काय तुटलं जी?"

"काही नाही तुटलं."

"मंग?"

"मग काय मग! काही तुटल्याशिवाय फोन करू नये का माणसानं?"

त्याच्या मागून कंडक्टरची शिट्टी ऐकू आली, कुणीतरी "आर्वी, आर्वी" ओरडलं.

"पियुष... कुठे आहात?"

"वर्धेच्या ष्टँडवर. नऊ वाजतापासून."

"कशाला?"

"तुमाले भेटाले. पन भेटून काय सांगू, ते जमून नाई राह्यलं. काम तं काईच नाई." त्यानं श्वास घेतला. "मले तुमी आवडता. लई दिवसांपासून. रागावता तरी."

मी पेन खाली ठेवलं. "रागवायची मी थांबणार नाहीये."

"रोज?"

"रोज. दोन तास तिथे उभा राहिलास? उन्हात? एक फोन करता येत नव्हता?"

"तुमी 'तू' म्हणाल्या ना आता मले?"

"म्हणाले. सावलीत जाऊन उभा राहा," मी चपला पायात सरकवत म्हटलं, "मी येते आहे."