काट्यावरचे एकशे दहा

गॅलरीत जेवणानंतरची बैठक बसली होती. भाच्याला दुसऱ्या दिवशी कामासाठी लांब जायचं होतं आणि रेल्वेनं जावं की गाडी काढावी यावर तासभर काथ्याकूट चालला होता. तेवढ्यात त्याला फोन आला. "नाही हो, गाडी नाही नेत. रेल्वेचंच बघतोय," तो म्हणाला, आणि फोन ठेवून त्यानं बहिणीला डोळा मारला. "ऑफिसातले काका. चिकटणार होते. आता गाडीनं जातो, निवांत."

मामा हे सगळं ऐकत होते. त्यांनी उठून गॅलरीतला दिवा घालवला. "डास येतात," म्हणाले. मग खुर्चीत नीट बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली.

आमच्या ऑफिसात एक होता. नाव सांगत नाही, अजून हयात आहे. अंगानं काडी, म्हणून आम्ही त्याला सुतळी म्हणायचो. काम भुईकाट्यांचं. भुईकाटा म्हणजे जमिनीत बसवलेला वजनकाटा. अख्खा ट्रक वर चढतो आणि केबिनमधल्या डब्यावर आकडा दिसतो. कुठे काटा बिघडला की सुतळी जायचा, सोबत दादा. दादा वयानं मोठे, रिटायर व्हायला आलेले, आणि असे आडवे की दारात उभे राहिले तर खोलीतला उजेड कमी व्हायचा. तोंडावर दादा, पाठीमागे क्विंटल. ते नाव सुतळीनंच ठेवलेलं.

दोघांची एक रीत होती. काटा दुरुस्त झाला, वजनं ठेवून तपासला, की शेवटी दादा स्वतः वर उभे राहायचे. आकडा एकशे दहा. कितीतरी वर्षं तोच. "बरोबर आहे दादा, उतरा," असं सुतळी म्हणाला की काम संपलं. बघणारे हसायचे, आणि सगळ्यात जास्त दादा.

तर मार्चमधला दुसरा शनिवार. लांबच्या एका लोखंडाच्या कारखान्याचा काटा बंद पडला, बाहेर ट्रकची रांग लागली. साहेब म्हणाले, कसे जाता ते तुम्ही ठरवा, उद्या सकाळी काटा चालू पाहिजे. एक रेल्वे थेट जायची, पण वळसा घालून, पोचणार दुपारी. दुसरी सकाळी पोचवायची, पण मध्यरात्री जंक्शनला गाडी बदलायची आणि त्यासाठी पूल चढून पलीकडे जायचं. तिसरा मार्ग म्हणजे सुतळीची गाडी. नवी कोरी. सीटवरचं प्लास्टिकही त्यानं काढलं नव्हतं.

"तुझ्या गाडीनं जाऊ या का रे?" दादांनी विचारलं. "जिना नको वाटतो. दम लागतो हल्ली."

सुतळीच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. सीट कचकन दबणार, दर अर्ध्या तासाला गाडी थांबवायला लागणार, आणि वर दादांच्या जावयाच्या त्याच त्या कथा. तो म्हणाला, "गाडी गॅरेजला आहे, दादा. मीपण रेल्वेनंच येतोय. जिन्यात तुमची बॅग मी घेतो, मग तर झालं?"

"मग काय, काळजीच मिटली," दादा म्हणाले.

रात्री सुतळी गाडी घेऊन एकटा निघाला. पंपावर पेट्रोल भरत होता तेव्हा दादांचा फोन आला. मी डब्यात बसलो, तू कुठे आहेस? तेव्हा खरं सांगता आलं असतं. तो म्हणाला, "मागच्या डब्यात, दादा. तुफान गर्दी आहे. जंक्शनला उतरलो की भेटतोच." सकाळी काहीतरी थाप मारू, असा त्याचा हिशेब. दादा रागावणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याच भरवशावर तो बोलला होता. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटायची ती याचीच.

टिपूर चांदणं होतं, रस्ता मोकळा. साडेबाराच्या सुमारास फोन वाजला. दादा. सुतळीनं उचलला नाही. गाडीचा आवाज ऐकू गेला तर पंचाईत. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. त्यानं फोन पालथा घातला. तिसऱ्यांदा वाजला तो अर्ध्यातच...

मग शांत.

पुढे गतिरोधक आला. गाडीचं पोट घासलं. एकटा असताना कधी घासायचं नाही.

पुढच्या गतिरोधकावर पुन्हा घासलं.

गाडी शेजारच्या सीटच्या बाजूला कलत होती. हवा कमी असेल. तो उतरला, चाकाला लाथ मारून पाहिली. हवा होती. परत येऊन बसला. गाडी सुरू केली. सीटवरचं प्लास्टिक चरचरलं.

त्याच्या सीटचं नाही. शेजारच्या.

त्यानं रेडिओ लावला. बंद केला. एसी बंद केला. तरीही... कोणी जिना चढून यावं आणि धाप लागावी, तसं. बारीक. थांबून थांबून.

त्यानं मान वळवली नाही. पहाटेपर्यंत नाही...

इथे मामाही थांबले. भाची म्हणाली, "मामा, दिवा लावू?"

"लाव की. मी कुठे नको म्हणतोय?"

कोणी उठलं नाही. मामा पुढे सांगू लागले.

उजाडायच्या आत तो कारखान्यावर पोचला. केबिनमध्ये रात्रपाळीच्या बाई होत्या. बिघाड साधाच निघाला, पाणी शिरून एक वायर गंजली होती. ती बदलली, वजनं ठेवली, आकडा चोख. मग सवयीनं त्यानं स्वतःची गाडी काट्यावर घेतली. या लोकांना आपापल्या गाडीचं वजन पाठ असतं. उतरून तो केबिनच्या खिडकीशी आला. आकडा जास्त होता. किती जास्त, ते त्यानं मनात एकदा वजा करून पाहिलं. पुन्हा करायचं धाडस झालं नाही.

बाई वैतागल्या. "अहो, त्या दुसऱ्या साहेबांनाही उतरवा ना. ते बसून राहिले तर वजन जुळणार कसं?"

सुतळी गाडीपर्यंत कसा गेला, त्यालाच आठवत नाही. गाडी काट्यावरून खाली घेतली. हलकी चालली.

काटा रिकामा. डब्यावर आकडा... एकशे दहा.

"कुठे गेले ते?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो फोन मी केला होता. स्टेशनवाल्यांनी दादांच्या ओळखपत्रावरून मला गाठलं होतं. जंक्शनला दादा सुतळीची वाट बघत प्लॅटफॉर्मवर थांबले. पुढची गाडी सुटायची वेळ आली, तेव्हा बॅग उचलून एकटेच जिना चढायला लागले. अर्ध्यात बसले. बसलेलेच सापडले, हातात फोन होता. मी वेड्यासारखा सुतळीला विचारत होतो, "अरे, तू बरोबर होतास ना?" पलीकडून नुसता श्वास.

फोन खिशात टाकून तो रिकाम्या काट्यासमोर उभा राहिला. "बरोबर आहे दादा," म्हणाला, "उतरा."

आकडा तसाच.

मग बाईंच्या देखत, मान खाली घालून म्हणाला, "दादा... गाडी गॅरेजला नव्हती."

आकडा हलला नाही.

डब्यावर शून्याचं बटण असतं. दाबलं की आकडा पुसला जातो. आयुष्यभर रोज दाबलेलं बटण, त्या दिवशी त्याच्यानं दाबवेना. शेवटी बाईंनी दाबलं.

सुतळीनं गाडी विकून टाकली. आता कुठेही रेल्वेनं जातो, आणि जिन्यात दिसेल त्याची बॅग उचलायला धावतो, लोक चोर समजून बॅग घट्ट धरतात. त्या कारखान्याकडे मात्र तो पुन्हा फिरकला नाही. कोणत्या तोंडानं 'उतरा' म्हणू, म्हणतो.

आमच्याकडचे दुसरे जाऊन आले. वायरी बदलल्या, डबा बदलला. दोष काही सापडला नाही. दिवसभर काटा चोख चालतो. फक्त पहाटे, पहिला ट्रक यायच्या आधी, काट्यावर कोणी नसतं, आणि डब्यावर एकशे दहा असतं.