एक्केचाळीस पायऱ्या

पणजोबा जोडे शिवीत असत. आजोबा एका नाटकमंडळीचे जोडे सांभाळीत. राजाचा कोणता आणि शिपायाचा कोणता, हे त्यांना अंधारात नुसता हात लावून कळे. वडील पडद्यामागे उभे राहून पत्रा हलवीत आणि वीज पाडीत, डब्यात वाळू खळखळवीत आणि पाऊस आणीत. तिन्ही पिढ्यांचे पोट दुसऱ्याच्या पावलांवर आणि स्वतःच्या कानांवर भरले.

चौथा माझा धाकटा भाऊ.

पुढे लिहिते आहे त्यातले एक अक्षरही पदरचे नाही. आमच्या घरात भुताखेतांच्या गोष्टी सांगायला बंदी होती, आणि या वयात मी ती मोडते आहे, तर त्याला तसेच कारण आहे. ज्यांना विश्वास ठेवायचा नाही, त्यांनी इथेच पान मिटावे.

रात्र नव्हती. मंगळवार होता. दुपारी अडीच ते सव्वाचार.

जागा, ध्वनिमुद्रणाची खोली. तळघरातली. एकही खिडकी नसलेली.

सिनेमात नायक चालतो तेव्हा तुम्हाला ऐकू येते ते बहुधा त्याचे पाऊल नसते. चित्रीकरणाच्या गोंगाटात ते हरवून जाते. मागाहून बंद खोलीत कुणीतरी पडद्यावर नजर लावून, त्याच तालात, जागच्या जागी पावले टाकतो. त्या खोलीत एक लाकडी फळी होती, चार दगडी फरश्या होत्या, खडीचा एक चौकोन होता आणि जोड्यांनी भरलेली ट्रंक होती.

धाकटा नायकाची पावले देई.

नायिकेची पावले देई तो उंट.

धाकट्याचा जिवलग. सहा फूट उंची, लांब मान, झुपकेदार मिशा. त्याच्या मापाचे उंच टाचेचे बूट मुद्दाम करवून घ्यावे लागले होते. पडद्यावर नायिका लाजत मुरडत प्रियकराकडे निघाली, की इकडे हा उंट विजार गुडघ्यापर्यंत दुमडून टकटक चाले. त्या पावलांवर किती तरुणांनी जीव ओवाळून टाकला असेल, देव जाणे.

"लेका, तुझ्याकडे चालून चालून माझ्या टाचांना घट्टे पडले," उंट म्हणे. "आता तरी घरी विचार."

"विचारलं. मुलगी पसंत आहे म्हणाले, मिशी नाही."

त्या पावलांना एक खोड होती. डावी टाच टेकताना किंचित घासे.

टक... खर्र... टक.

काचेपलीकडे यंत्रापाशी एक मुलगी बसे. आवाज मुद्रित करणे, तपासणे, नापास करणे हे तिचे काम. तिच्या कानातून सुईसुद्धा निसटत नसे, म्हणून उंटाने तिचे नाव कानसेन ठेवले होते. ती मान वर न करता म्हणे, "डावी घासली. पुन्हा."

दोघांचाही जीव तिच्यात गुंतला. उंटाने तसे बोलून दाखवले. धाकट्याने नाही. पाचर बसली ती तिथे.

"तिच्यासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते रे," उंट म्हणाला. "तू सांग. म्हणावं, उद्या चार वाजता, बागेच्या मागच्या फाटकाशी, शेवटचा बाक. यायचं असेल तर ये. नाही आलीस तर या विषयावर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. एवढाच निरोप."

सिनेमात अशा वेळी मित्र आपले प्रेम गिळतो, पाठ फिरवतो आणि खडीवरून दूर चालत जातो. अशा त्यागांची पावले धाकट्याने डझनाने दिली होती. खडी कशी वाजली म्हणजे प्रेक्षकाचा गळा दाटतो, ते त्याला नेमके ठाऊक होते.

तो तिच्याकडे गेला आणि स्वतःसाठी मागणी घालून आला.

ती हो म्हणाली.

उंट त्या बाकावर फाटकाला कुलूप लागेपर्यंत बसून होता. ती आली नाही, म्हणजे तिचे उत्तर आले, असे तो समजला. दिलेला शब्द त्याने पाळला. लग्नाला सर्वांच्या आधी हजर झाला, खुर्च्या मांडल्या. पुढे बावीस वर्षे तो नायिका होऊन धाकट्याच्या नायकाकडे चालत राहिला, आणि काचेपलीकडे धाकट्याची बायको ते ऐकत राहिली.

मग उंटाची छाती बिघडली. त्याने अंथरूण धरले. धाकट्याला चिठ्ठी आली.

"एकदा ये. एकच विचारायचं आहे."

धाकटा गेला. उंटाचे घर तिसऱ्या मजल्यावर. पायऱ्या एक्केचाळीस. दारासमोर पोचल्यावर त्याने कडी वाजवायला हात उचलला. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. हात तसाच राहिला. किती वेळ, ते त्यालाही सांगता येत नाही.

मग तो आल्या पावली परत उतरला.

त्याच रात्री उंट गेला.

दुसऱ्या दिवशी उंटाच्या बहिणीने धाकट्याला कोपऱ्यात घेतले. ती रडत नव्हती.

"काल पडल्या पडल्या पायऱ्या मोजत होता. एक्केचाळीस झाल्या तेव्हा म्हणाला, 'ताई, दार उघड, तोच आहे. त्याची चाल मी ओळखतो.' मला वाटलं, तापात बरळतोय. दोनदा म्हणाला तेव्हा उठले. उघडलं, तर कुणी नाही."

धाकट्याने जिन्याकडे पाहिले.

"'उतरतोय,' म्हणाला. आणि भिंतीकडे तोंड केलं ते केलंच."

"काय... काय विचारायचं होतं त्याला?"

"निरोप पोचला होता का, एवढंच."

यानंतर तीन आठवड्यांनी तो मंगळवार आला.

पडद्यावर लांबलचक ओसरी होती. एका टोकाला नायक, दुसऱ्या टोकाला नायिका. त्या दिवशी फक्त नायकाची पावले द्यायची होती. नायिकेसाठी नवी मुलगी दुसऱ्या दिवशी येणार होती. खोलीत धाकटा एकटा. काचेपलीकडे त्याची बायको. बाहेर लाल दिवा. दार बंद.

धाकटा फळीवर चालला. बारा पावले. उत्तम झाली.

तिने फीत मागे घेऊन ऐकवली.

ठक. ठक. ठक. त्याचीच पावले.

आणि त्यांच्या मागे, दूर कुठेतरी...

टक... खर्र... टक.

"डावी घासली," ती सवयीने म्हणाली.

मग दोघेही काचेतून एकमेकांकडे पाहत राहिली.

"जुनी फीत असेल," धाकटा म्हणाला. "नीट पुसली गेली नसेल."

"मी आत्ता कोरी फोडली, अहो."

दुसऱ्यांदा मुद्रण झाले. खोलीत मात्र त्याच्याखेरीज काही वाजले नाही, हे तो शपथेवर सांगतो. फीत ऐकवली, तर त्याची पावले क्षीण झाली होती, जणू तो शेजारच्या खोलीत चालत असावा. आणि टाचा... जवळ आल्या होत्या.

त्याने ट्रंक उघडली. उंटाचे बूट तळाशी होते, कागदात गुंडाळलेले. सुतळीची गाठ तशीच.

तिसऱ्या वेळी त्याने पाय आपटले. फळी हादरली. टाचेपासून गुडघ्यापर्यंत कळ गेली.

"चाला ना," ती काचेपलीकडून म्हणाली.

"चालतोय की!"

"काटा हलत नाहीये."

आवाज आला की यंत्रावरचा काटा उडतो. धाकटा नाचला, उड्या मारल्या, खडी तुडवली. काटा निपचित. एवढ्या वर्षांत हजारो नायकांना पावले दिलेल्या माणसाला स्वतःचे एक पाऊल वाजवता येईना.

तो थांबला.

आणि काटा हलला.

टक... खर्र... टक... खर्र...

तिने दोन्ही हातांनी कानांवरचे यंत्र दाबून धरले. "येतोय," ती म्हणाली. "फळीवर आलाय. तुमच्या समोर आहे. थांबला."

धाकट्याच्या समोर काही नव्हते. फक्त माइक.

"खोकतोय," ती म्हणाली.

आमचे पणजोबा म्हणत, चेहरा खोटे बोलेल, चाल बोलणार नाही. ती बाई आयुष्यभर चालीच ऐकत आली होती. तिचा आवाज जराही चढला नाही.

"तो तुमच्याकडे काय मागतोय? तुम्हाला माहीत आहे. सांगा."

सांगितले तर बायको जाणार, हे धाकट्याला त्या क्षणी कळले होते. कुठे आणि कशी, एवढेच कळले नव्हते. बावीस वर्षांचा संसार काचेपलीकडे बसला होता. तो माइकच्या जवळ सरकला.

"त्याने तुला एक निरोप दिला होता. आपलं ठरलं, त्याच दिवशी. मी दिला नाही."

काटा उडू लागला. त्याचा आवाज आता फितीवर उमटत होता.

"उद्या चार वाजता. बागेच्या मागच्या फाटकाशी. शेवटचा बाक. यायचं असेल तर ये. नाही आलीस तर... या विषयावर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

तिने हळूच कानांवरचे यंत्र काढून ठेवले. यंत्रावरून रुमाल फिरवला, रोज फिरवीत असे तसा.

"चार वाजता?"

"हो."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. तीन वीस झाले होते. तिने पर्स उचलली.

"अगं, ऐक तरी... मी येतो बरोबर."

"तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. "निरोप मला आहे."

ती दार उघडून जिना चढू लागली. आणि आतल्या रिकाम्या खोलीत काटा पुन्हा उडाला. या वेळी टाचा नव्हत्या. पुरुषाचे पाऊल होते. लांब, जड, थोडे थकलेले. उंटाची स्वतःची चाल. एवढी वर्षे तो फितीवर चालला, पण स्वतःच्या पायांनी एकदाही नाही.

ती पावले दाराकडे गेली. काटा खाली बसला.

धाकट्याचे पाय जागचे हलेनात. हलले तेव्हा तो धावत सुटला. बागेत पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. ती शेवटच्या बाकावर बसली होती. मध्ये नाही, एका कडेला. शेजारी एका माणसाची जागा सोडून. त्या जागेवर तिचा हात होता, तळवा वर.

सव्वाचारला त्याने तिच्या खांद्याला हात लावला.

हृदय बंद पडले, असे डॉक्टर म्हणाले. त्रास झाला नसावा. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. हे सांगताना धाकटा ढसाढसा रडला, आणि रडला तो नेमका एवढ्यासाठीच.

त्या तिसऱ्या वेळची फीत मी स्वतः ऐकली आहे. तीत त्याचा निरोप आहे, तिचा प्रश्न आहे. त्या दोघांची पावलेही आहेत. धाकट्याचे एकही पाऊल नाही.

त्याची पावले परतही आली नाहीत. आजही तो माझ्याकडे येतो तेव्हा दार लोटले जाते, खुर्ची सरकते, पण पाऊल वाजत नाही. चहाचा कप ठेवून मी वळावे आणि तो मागे उभा असावा. माझे कान अजून तिखट आहेत. उगाच कुणी माझ्या वयाकडे बोट दाखवू नये.

शेवटचे तेवढे सांगते. त्या वेळी मी तिथे होते.

तिला जाऊन महिना झाला होता. दुपारची वेळ. धाकट्याच्या घरी मी तिचे कपडे आवरीत होते. तो खिडकीशी बसला होता. घर तळमजल्यावर आहे. रस्त्यावरून दाराशी यायला पायऱ्या तीन.

बाहेर पावले वाजली.

दोन माणसांची. एक चाल लांब, जड, थकलेली. दुसरी हलकी, सपातांची. ती हलकी चाल मी स्वयंपाकघरात हजार वेळा ऐकली होती. हातातली साडी माझ्या हातातच राहिली.

पावले चढू लागली. एक, दोन, तीन...

चार.

पाच.

धाकट्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता. पावले घाई करीत नव्हती. वीस झाल्या. तीस झाल्या. एक्केचाळिसाव्या पायरीला ती दाराबाहेर येऊन थांबली.

"आली," धाकटा म्हणाला. "ताई, दार उघड. तीच आहेत."

मला उठवेना. आयुष्यात माणसाला मी कधी घाबरले नाही.

"ये ना रे," तो दाराकडे पाहून म्हणाला. लहानपणी खेळायला बोलावी तसा. "ये की आत. एकदा तरी बोल."

कडी वाजली नाही. बाहेर कुणी तरी उभे होते, श्वास घेत होते, इतके मात्र खरे. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही.

"ताई, दार उघड ना."

मी उठले. दार उघडले.

कुणी नव्हते. उन्हात तीन पायऱ्या होत्या, आणि त्या ठणठणीत कोरड्या होत्या.

पण पावले माझ्या डोळ्यांदेखत उतरत होती. दिसत काही नव्हते. वाजत होती. एक, दोन, तीन... आणि पुढे, जमिनीच्या खाली, आणखी खाली. मीही मोजल्या. मला मोजायच्या नव्हत्या, तरी मोजल्या.

मागे वळले तेव्हा धाकट्याने भिंतीकडे तोंड केले होते.

"किती झाल्या?" त्याने विचारले.

"एक्केचाळीस."

"फिटलं, ताई," तो म्हणाला. "एकही कमी नाही."