चार लाल फुल्या

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करणारी ती, वय बावीस. तार लावून दात सरळ करून घ्यायला दातांच्या डॉक्टरांकडे जाताना चुकून शेजारचं दार उघडलं आणि समोर फळीवर तिला स्वतःचेच दात दिसले. प्लास्टरचे, पांढरेफटक. पुढे आलेला सुळा तिने लगेच ओळखला. पण चार दाढांवर या लाल फुल्या कशाला?

साचे करणारा तरुण गडबडून उठला. कोपरापर्यंत प्लास्टर.

"हे... काढायचे दात. बाकीचे सरकायला जागा नको का?"

"चार धडधाकट दाढा? मला कुणी बोललं नाही!"

"तुमची सही आहे."

"'इथे करा' म्हणाले, केली!" तिचा पारा चढला. "आणखी काय लपवलंय?"

तो चाचरत सांगू लागला. तार अडीच वर्षं राहील. घट्ट केली की दोन दिवस घास चावणार नाही. नीट घासले नाहीत तर डाग पडतील, मुळं थोडी झिजतीलही. तार निघाली तरी प्लेट लावायचीच, नाहीतर दात पुन्हा आपल्या वाटेने. आणि सुरुवातीला बोलणं अडखळेल...

"अहो, मी बोलण्याचाच पगार घेते!"

"आवाज गोडच राहील," तो पुटपुटला.

"मस्का नको! सगळं माहीत असून फुल्या मारत बसलात?"

त्याचे कान लाल झाले.

"बोळकं करून घेतेस का?" घरी आत्या म्हणाली. चार दिवस तिने विचार केला. दहा वर्षं ती हसताना तोंडावर हात नेत आली होती. पुरे. सगळं कळलंय, तरी करायचंच.

पण डॉक्टर म्हणाले, "तुम्ही तर नको म्हणून कळवलंत. साचेही मोडले."

तिने शेजारचं दार धाडकन उघडलं.

"मीच कळवलं. तुम्ही इतक्या चिडला होतात... म्हटलं, दात वाचवू," तो खाली मान घालून म्हणाला. "आणि खरं सांगू? तो सुळा... मला फार आवडतो."

तिच्या आत काहीतरी हललं. आणि हललं याचाच तिला जास्त राग आला.

"त्यांनी न विचारता हो ठरवलं, तुम्ही न विचारता नाही! तोंड कुणाचं?"

"तुमचं."

"मग चला, कबूल करा."

त्याने कबूल केलं. डॉक्टरांनी त्याला उभ्या उभ्या कामावरून काढलं. ती मात्र खुर्चीत ठाण मांडून बसली. "आता एकेक समजावून सांगा. मग सही."

पाऊण तासाने ती बाहेर आली, तर तो जिन्यात उभा.

"एक विचारायचं होतं... भेटायला येऊ का?"

"सुळ्याच्या मोहाने येणार असाल तर नका येऊ. तो रांगेत जाणार आहे."

"माहीत आहे."

"मग... या."

तार अडीचऐवजी तीन वर्षं राहिली. शेवटचं वर्ष लग्नानंतरचं. डॉक्टर निवृत्त होईपर्यंत 'इथे करा'च म्हणत राहिले. आत्याने लग्नात जावयाला बजावलं, "हिला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पिऊ नका." त्याने साच्यांचं स्वतःचं दुकान थाटलं, चाळीस वर्षं चालवलं.

त्याच्या शेवटच्या आजारपणात इस्पितळातल्यांनी शस्त्रक्रियेचा कागद तिच्यापुढे धरला. ती कडाडली, "त्यांना विचारा! शुद्धीवर आहेत ते."

तो म्हणाला, "नको. घरी."

तिला ते मुळीच पटलं नव्हतं. भांड भांड भांडली ती त्याच्याशी. आणि त्याला घरी घेऊन आली.