आरव्हीतला वरचा बिछाना

तर तुमचं अजून ठरत नाहीये. हिमानीला हॉटेल हवंय, ऋषीला आरव्ही, चाकांवरचं घर. स्वतःचं किचन, वरणभात करून खाता येतो, पोरांसाठी दर तासाला बाथरूम शोधत फिरायला नको. सगळं खरं आहे. हेच मुद्दे मी दोन वर्षांपूर्वी याच डेकवर बसून ऐकलेत. ऋषी, तू बसलायस त्या खुर्चीत तेव्हा गिरीश बसला होता.

शेकोटीत एक लाकूड टाक. आणि हिमानी, पोरं आत झोपलीत ना? एकदा बघून ये. मग सांगतो.

गिरीश नाफडे म्हणजे आमच्याच ग्रुपमधला. नागपूरचा. हुशार, जरा हट्टी. बायको वसुधा, फार्मामध्ये काम करायची, आणि मुलगी आरोही, सहा वर्षांची. आरोहीला ऑर्लँडोचं थीम पार्क दाखवायचं कधीपासून चाललं होतं. वसुधा म्हणत होती, "चार दिवसांची सुट्टी, त्यातही मी ओटाच पुसायचा का? हॉटेलात राहू." गिरीशनं काही ऐकलं नाही. एका रिटायर्ड माणसाची जाहिरात त्याला सापडली होती. स्वतःची आरव्ही भाड्यानं द्यायचा. मिस्टर एल्डन. आपल्या कॅरीपासून तासाभरावर, शेतांमध्ये घर.

गाडी आणायला गिरीशला मीच सोडलं. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, पहाटे. बुधवार, बावीस नोव्हेंबर २००६. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली. एल्डन दारातच उभा होता. उंच, वाकलेला, फार कमी बोलणारा. गाडी मात्र लखलखीत ठेवलेली. मागे डबल बेड, मध्ये किचन आणि दार, आणि पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर एक छोटासा बिछाना, पडदा लावलेला. शिडी चढून जायचं. पोरांना ती जागा भारी आवडते.

एल्डननं सगळं दाखवलं. नळ सोडला की टाकीतलं पाणी वर खेचायला पंप सुरू होतो, घर्रर्र आवाज येतो, घाबरू नका म्हणाला. मग विचारलं, "बरोबर मूल आहे?" गिरीश म्हणाला, "हो, मुलगी." "आणि थेट पार्कलाच जाणार?" "थेट." त्यानं मान हलवली आणि किल्ली दिली. मला वाटलं, म्हाताऱ्याला गाडीची काळजी आहे.

पुढचं मला गिरीश आणि वसुधानं सांगितलं. आधी वेगवेगळं, मग एकत्र. शब्दाला शब्द जुळला.

दिवसभर ड्राइव्ह करून ते रात्री उशिरा ऑर्लँडोजवळच्या कॅम्पग्राउंडवर पोचले. ऑफिस बंद. ओकची मोठी झाडं, फांद्यांवरून ते राखाडी शेवाळ लोंबतंय, आणि दिवा कुठे नाहीच. अंधारात पाण्याचा पाइप कोण जोडणार? गिरीश म्हणाला, आज टाकीतलंच पाणी वापरू. आरोही वरच्या बिछान्यात चढली, पडदा ओढून घेतला आणि झोपलीसुद्धा. हे दोघं मागच्या बेडवर आडवे झाले.

वसुधाला जाग आली ती पंपाच्या आवाजानं.

घर्रर्र... घर्रर्र...

तिला वाटलं, नळ नीट बंद केला नाही. उठली, चाचपडत किचनमध्ये गेली. नळ हातानं तपासला. बंद होता. पंपही थांबला. परत येऊन पडली. डोळा लागतोय तोच पुन्हा घर्रर्र. मनातल्या मनात तिनं गिरीशला चार शिव्या दिल्या आणि पुन्हा उठली. नळाखाली हात धरला. एक थेंब नाही. सिंक मात्र ओलं होतं.

तेवढ्यात वरून, पडद्यामागून, बारीक आवाज आला.

"वॉटर..."

आरोही झोपेत इंग्लिशच बोलते. वसुधानं पेला भरला, शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि हात वर केला. पडद्यातून छोटासा हात आला. पेला घेताना बोटं तिच्या बोटांना लागली. भाजत होती. तव्यासारखी तापलेली.

"अगं, ताप आलाय की तुला!"

 फक्त पाणी पिण्याचा आवाज. घटाघट, कित्येक दिवसांची तहान असावी तसा. मग पेला परत आला, रिकामा. वसुधानं कपाळ बघायला हात आत घातला... पण ते पोर कोपऱ्यात सरकलं. तिच्या हाताला नुसती उशी लागली. गरम.

ती घाईनं मागे आली. औषधांची पिशवी गिरीशच्या उशाशी होती.

"गिरीश, ऊठ ना. आरोही तापानं फणफणलीय."

"हळू बोल," गिरीश कुजबुजला. "आत्ताच झोपलीय ती."

"कोण?"

"आरोही. कधीची आलीय इथे. माझ्याजवळ."

वसुधानं अंधारात हात पुढे केला. गिरीशच्या पलीकडे, भिंतीला लागून आरोही होती. गार कपाळ. शांत श्वास.

 वसुधाच्या हातात तो पेला होता. अजून ओला.

त्या स्पर्शानं आरोही चाळवली. डोळे न उघडताच म्हणाली, "मम्मा, देअर वॉज नो रूम. म्हणून मी खाली आले."

"कुठे... कुठे जागा नव्हती, बाळा?"

"वर."

गिरीश उठून बसला. दोघांनी पुढे बघितलं. गाडीच्या त्या टोकाला पडदा होता. काळा. स्थिर.

मग पडदा थोडासा हलला.

आणि आतून, अगदी साधेपणानं, कुठलंही पोर विचारतं तसं...

"आर वी देअर यट?"

...

हिमानी, जवळ येऊन बस हवं तर.

दार मध्ये होतं. म्हणजे पडद्याच्या दिशेनंच जायचं. गिरीशनं आरोहीला उचललं. वसुधानं त्याचा शर्ट धरला. कोणी वर बघितलं नाही. दार उघडलं, अनवाणी उतरले, आणि झाडांमधून जिथे उजेड दिसला तिकडे गेले. कपडे धुवायची खोली होती, मशिन्स ठेवलेली. तिघं तिथे बाकावर बसून राहिले. आरोही झोपली. हे दोघं दाराकडे बघत होते.  सकाळ होईपर्यंत.

उजाडल्यावर टॅक्सी बोलावून ते पार्कजवळच्या हॉटेलात गेले. सगळीकडे माणसं, लहान पोरं, नाश्त्याचे वास. थँक्सगिव्हिंगचा दिवस. गिरीशनं लॉबीतून एल्डनला फोन लावला. मोडक्यातोडक्या शब्दांत सगळं सांगितलं. त्याला वाटलं, म्हातारा हसेल, नाहीतर चिडेल.

 एल्डननं मात्र एवढंच विचारलं, "ती पाणी प्यायली का?"

 गिरीश तिथेच सोफ्यावर बसला.

मेगन, त्याची नात. सात वर्षांची. पाच वर्षांपूर्वी एल्डन तिला एकटा घेऊन निघाला होता, याच गाडीतून, याच पार्कला. वाटेत तिला ताप आला, उलट्या सुरू झाल्या. ती वरून सारखी पाणी मागत होती. पोटात काही ठरत नाहीये म्हणून एल्डननं दिलं नाही. पोचल्यावर देतो म्हणाला. तीही थोड्या थोड्या वेळानं विचारायची, पोचलो का. मग विचारायची थांबली. त्याला वाटलं, झोपली.

"मी नेलं तर ती बोलत नाही," एल्डन म्हणाला. "दोनदा नेऊन बघितलं. पार्कच्या दारापर्यंत. माझ्याशी बोलत नाही ती."

"म्हणून आम्हाला दिलीत?" गिरीश ओरडला. लॉबीतली माणसं वळून बघायला लागली. "माझी पोरगी त्या बिछान्यात झोपली होती! काही झालं असतं तर?"

"तुम्हाला सांगायला हवं होतं," एल्डन म्हणाला. "पण सांगितलं असतं तर तुम्ही नेलीच नसती."

गिरीशनं फोन ठेवला. वर खोलीत आला आणि म्हणाला, "बॅगा भर. विमानानं परत जाऊ. गाडी पडू दे तिथेच."

वसुधा खिडकीशी उभी होती. आरव्ही नको म्हणून महिनाभर भांडलेली हीच वसुधा. ती म्हणाली, "तिला तिथे पोचवून देऊ."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"रस्त्याच्या पलीकडे आहे रे पार्क. इथून दिसतंय. इथवर येऊन त्या पोरीला झाडाखाली सोडून जायचं?"

"ती पोरगी नाहीये, वसुधा."

"हात माझ्या हातात होता," वसुधा म्हणाली. "तुझ्या नव्हता."

पुष्कळ वादावादी झाली. शेवटी ठरलं की गाडी गिरीश एकटाच आणेल, आणि आरोहीला घेऊन वसुधा पार्किंगमध्ये थांबेल. आरोहीला पुन्हा त्या गाडीत चढवायचं नाही, यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

भर दुपारी गिरीश कॅम्पग्राउंडवर गेला. सूर्य डोक्यावर, शेजारची अमेरिकन कुटुंबं बाहेर टेबलं मांडून भाजलेली टर्की कापतायत. तो गाडीत बसला. त्याच्या डोक्यावर तो बिछाना. मध्ये पातळ फळी. त्यानं रेडिओ मोठ्यानं लावला.

सिग्नलला थांबला तेव्हा मागे पंप सुरू झाला.

घर्रर्र...

त्यानं आरशात बघितलं नाही. रेडिओ बंद केला. का केला ते त्यालाही सांगता येत नाही. पंप थांबला. सिग्नल हिरवा झाला. डोक्यावरच्या फळीवर काहीतरी सरकलं. हलकं. पोर कूस बदलतं तसं.

"ऑलमोस्ट," गिरीश म्हणाला. मोठ्यानं. "ऑलमोस्ट देअर."

पार्किंगमध्ये आरव्हींसाठी वेगळा भाग होता. वसुधा आरोहीचं बोट धरून उभी होती. गिरीशनं गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि उडी मारून बाहेर आला. त्याचा शर्ट भिजला होता. वसुधानं आरोहीला त्याच्याकडे दिलं. स्वतः पुढे झाली आणि मधलं दार सताड उघडलं.

आत कोणी नव्हतं. पडदा तसाच.

"पोचलो गं, बाळा," वसुधा म्हणाली. मराठीत. मग तिला आठवलं. "मेगन, वी आर हिअर. ये. उतर."



लांबून पार्कमधलं संगीत ऐकू येत होतं...

मग गाडी हलली. दाराची लोखंडी पायरी करकरली. खाली दबली... आणि वर आली. कोणीतरी उतरलं की उठते ना, तशी.

तिघांनी बघितलं. आरोही एक पाऊल मागे सरकली. वाट दिल्यासारखी.

मग ते पार्कमध्ये गेले का? गेले. मीही हेच विचारलं होतं. गिरीश म्हणाला, "काका, आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही." एखादी राइड घेतली, आरोहीनं आइस्क्रीम खाल्लं, आणि अंधार पडायच्या आत हॉटेलात परतले. पुढच्या दोन्ही रात्री हॉटेलात. आरव्ही कुलूप लावून हॉटेलच्या पार्किंगमध्ये. परत येताना नाइलाजानं तिच्यातूनच आले, पण भर दिवसा. आरोही मागे, पट्टा लावून. वर कोणी चढलं नाही. नळ सोडावा लागला तेव्हाच पंप वाजला, एरवी नाही. वसुधा सांगते, गाडी हलकी लागत होती. चांगल्या अर्थानं हलकी. साउथ कॅरोलायनात ती चक्क झोपली.

आरोहीला तुमच्या सुहासिनीकाकूजवळ सोडून आम्ही तिघं गाडी परत द्यायला गेलो. गिरीश आणि वसुधा आरव्हीत, मी मागे माझ्या गाडीत. पोचेस्तोवर अंधार झाला होता. एल्डन शेडमध्ये उभाच होता. वसुधानं त्याला सगळं सांगितलं. पायरी कशी दबली तेही. म्हातारा तोंडावर हात ठेवून रडला. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मग वसुधाचा हात धरून म्हणाला, "पोचली ती. अखेर पोचली."

मला वाटलं, संपलं.

रडू ओसरल्यावर तो गाडी तपासायला लागला. सवय असते. कुत्री आणणाऱ्या लोकांमुळे त्यानं एक दिवा ठेवला होता, जांभळ्या उजेडाचा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे डाग त्यात चमकतात. बेड बघितला. जमीन बघितली. मग शिडी चढून वरचा पडदा सरकवला.

आणि तिथेच थांबला.

"हे काय आहे?"

आम्ही पुढे झालो. उशीवर, मधोमध, हिरवट काहीतरी चमकत होतं. माझ्या अंगठ्याएवढं. एक तारा, त्याखाली अक्षरं. उलटी. तळहातावर गाल टेकून झोपलं की हाताच्या पाठीवरची शाई उशीला लागते, तशी.

वसुधानं गिरीशकडे बघितलं. गिरीशचा चेहरा पांढरा पडला.

"तुमच्यापैकी कोणाचं?" मी मराठीत विचारलं.

"नाही, काका." वसुधा म्हणाली. "आम्ही तो मारून घेतलाच नाही. बाहेर पडताना गेटवरच्या बाईनं विचारलं होतं. आम्ही नको म्हणालो."

"काय नको म्हणालात?"

 एल्डन आमच्या तोंडांकडे बघत होता. त्यानं पुन्हा विचारलं. हा कसला शिक्का? कुठे मारतात? कशासाठी?

गिरीश खाली बघत राहिला. वसुधा दाराबाहेर गेली.

शेवटी मी सांगितलं. पार्कच्या गेटवर मारतात, मिस्टर एल्डन. बाहेर पडताना, हातावर. ज्यांना परत यायचं असतं, त्यांच्या.

त्यानं दिवा बंद केला.