मायरनचं ओझं

मायरनला पुरून आल्यावर सगळे चर्चच्या तळघरात जेवायला बसले. आधी मध घातलेले शिजवलेले गहू फिरले, मग कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात. शवपेटीला खांदा दिलेला उलस ओलेनाजवळ येऊन पुटपुटला, "काकू, पेटी रिकामीच लागली हो. मायरनकाका केवढा धिप्पाड होता!"

"आजारात पाप्याचं पितर होतं माणसाचं," ती म्हणाली. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

पण तिचं लक्ष नवऱ्याकडे होतं. ओरेस्ट पेटीमागून नुसता चालत आला होता, तरी घामाघूम झाला होता. कोरियाच्या लढाईत गोळ्या बरसत असताना तो विशीही न गाठलेल्या जखमी मायरनला पाठीवर घेऊन टेकडी उतरला, हे कॅनडातल्या सस्कॅचवानच्या त्या गावात शेंबडं पोरसुद्धा सांगे. त्यानंतर पन्नास वर्षं दोघांनी बांधाला बांध लावून गहू पिकवला. वीर नवरा मिरवायला बरा असतो. नांदणं किती कठीण, ते त्याच्या बायकोला विचारावं.

त्या दिवसापासून ओरेस्ट वाकला. तो पालथाच झोपू लागला. स्वयंपाकघरातली खुर्ची त्याच्याखाली मोडली. अंगावर मांस उरलं नाही, तरी बर्फात त्याचे पाय गुडघ्यापर्यंत रुतत. डॉक्टरांना काहीच सापडेना.

"दमलाय गं मायरन," एकदा तो म्हणाला. "आता थोडंच उतरायचं राहिलंय."

ओलेनाचा माणूस डोळ्यांदेखत झिजत होता, आणि मेलेल्याशी भांडायचं तरी कसं? तरी ती भांडली. "मायरन, उतर रे बाबा. म्हातारा झालाय तो. मरेल अशानं."

"त्याला काही बोलू नकोस," ओरेस्ट उसळला. "तिथंच टाकून येऊ का त्याला?"

एका सकाळी तो अंगणात गुडघ्यांवर कोसळला. ओलेना धावली. त्याचे दोन्ही हात मागे होते, कुणाच्या तरी मांड्या घट्ट धरल्यासारखे.

ती त्याच्याकडे पाठ करून बर्फात बसली.

"दे. जरा वेळ मी घेते."

"तुला नाही झेपायचं."

"दे रे."

त्याने मागे धरलेले हात हळूच सोडले. मग उठला. ताठ उभा राहून रडू लागला.

ओलेनाचे गुडघे बर्फात रुतले.

गळ्याभोवती दोन हात आले. मानेला एक गाल टेकला. गार, मऊ, अजून दाढीही न फुटलेल्या पोराचा.